रक्त, औषध आणि पालेभाजी

बोट कापले असता रक्त थोड्या वेळात गोठून वाहावयाचे थांबते. रक्त गोठविणारी कित्येक द्रव्ये यकृतात 'के' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार होतात. डेन्मार्कमधील हेन्रिक डाम ह्यांनी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून त्याचा शोध लाविला व १९३५ साली त्यास हे नाव दिले. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या आरोग्यदूत स्त्रिया नवजात अर्भकांस ह्याच जीवनसत्त्वाची सुई देत असत, ती रक्तस्राव टळावा म्हणूनच.

उलटपक्षी, कित्येक रोग्यांस रक्त गोठण्याचेच भय असते. हृदयात कृत्रिम झडप बसविलेली असली म्हणजे वैद्य वॉरफरिन किंवा असेनोकूमारॉल देतात. ही औषधे 'के' जीवनसत्त्वाचे कार्य रोधितात. म्हणून आहारातील जीवनसत्त्व एकाएकी वाढले तर औषध निर्बळ होऊन रक्ताची गाठ होण्याचा संभव असतो. घटले तर रक्तस्रावाचा.

हे जीवनसत्त्व मुख्यत्वे हिरव्या पालेभाज्यांत असते. आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात पालेभाजी ऋतूप्रमाणे कमीअधिक होते. पाऊस लागला की तरोट्याचा कोवळा पाला विपुल मिळतो. उन्हाळ्यात कित्येक घरी भातवरणावरच भागते. रोगी म्हणतो, गोळी तर एकही चुकविली नाही, मग रक्ततपासणीचे अंक का हलले? त्याचे उत्तर पुष्कळदा ताटात सापडते.

ह्यावरून भाजी अगदी वर्ज्य करावी असे कोणी समजतात, ते बरोबर नव्हे. भाजी सोडल्याने शरीरातील साठा रिता होतो आणि आहारातील अल्पशा फरकानेही अंक डळमळतात. बारा महिने सुमारे सारख्या प्रमाणात भाजी खावी, हाच सुज्ञ मार्ग होय.

मग रोज थोडे 'के' जीवनसत्त्व गोळीरूपाने घ्यावे काय? ज्यांचे अंक अकारण अस्थिर राहतात अशांस १०० ते १५० मायक्रोग्रॅम देऊन काही प्रयोगांत गुण दिसला. परंतु अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली, ते सरसकट देऊ नये, असेच सुचविले. तेव्हा वैद्याच्या आज्ञेवाचून अशी गोळी सुरू करू नये, व चालू असल्यास एकाएकी सोडूही नये. काही नवीन औषधांस हा भाजीचा नियम लागू नाही. आपले औषध कोणते, हे वैद्यास विचारावे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी आजा-आजी असे औषध घेत असतील तर तपासणीची तारीख तुम्ही लिहून ठेवा, आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले किंवा शौच काळे झाले तर त्यांस विनाविलंब दवाखान्यात न्या. तुमच्या साक्षरतेचा असा उपयोग घरास झाला, तर आमच्या शिकविण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.