स्टेक मऊ ठेवायचा तर घड्याळ नको, तापमापक हवा

मटण जितकं जास्त शिजेल तितकं मऊ होतं, हा आपल्या स्वयंपाकघराचा अनुभव आहे आणि तो खराही आहे. पण बीफ स्टेकला हाच नियम लावला की घात होतो.

मांसाचा चिवटपणा दोन ठिकाणी असतो : स्नायूंच्या तंतूंमध्ये आणि त्या तंतूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनमध्ये. मान, खांदा, पाय हे सतत राबणारे भाग, म्हणून त्यांत कोलॅजन भरपूर. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे काही तास राहिलं की ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायांच्या रश्श्याला चिकटपणा येतो तो यामुळेच. स्टेक मात्र बहुधा पाठीकडच्या भागाचा असतो. कण्याच्या आतल्या बाजूचा स्नायू, म्हणजे फिले, जनावराच्या आयुष्यात फारसा कामाला येत नाही. त्यात विरघळवण्याजोगं कोलॅजनच कमी असतं. तो जास्त वेळ शिजवून हाती काही लागत नाही, फक्त तंतूंतलं पाणी जातं.

हे पाणी कधी जातं? साधारण ५० अंशांना मायोसिन हे प्रथिन घट्ट होऊ लागतं. कच्च्या मांसाचा लिबलिबीतपणा जातो आणि दाताखाली ते सहज तुटतं. साठीच्या पुढे कोलॅजन आकसून तंतूंना पिळू लागतं, ६५ ओलांडल्यावर ॲक्टिनही गोठतं आणि रस झपाट्याने बाहेर येतो. मऊ, रसाळ स्टेक मिळतो तो ५४ ते ५७ अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात. तापमान तिथून दहा-बारा अंश वर गेलं की तोच तुकडा कोरडा पडतो. बशीत उतरणारं लाल पाणी रक्त नसून मायोग्लोबिन मिसळलेला मांसरस असतो, त्याला बिचकायचं कारण नाही.

तापल्या तव्यावर मांस टाकलं की बाहेरचा थर बंद होऊन रस आत अडकतो, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांची, १८४७ सालची. खाद्यविज्ञानावर लिहिणारे लेखक हॅरॉल्ड मॅकगी यांनी १९८४मध्ये आपल्या पुस्तकात ती खोडून काढली. पुरावा आपल्या कानांनाही मिळतो : भाजलेली बाजू खाली असतानाही तवा चरचरत राहतो, कारण रस गळून त्याची वाफ होतच असते. तरीही भाजायचं, ते चवीसाठी. १४० अंशांच्या आसपास माइलार्ड अभिक्रिया जोरात सुरू होते आणि तो खरपूस तपकिरी रंग, तो वास तयार होतो. पृष्ठभाग ओला असेल तर सगळी उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते. म्हणून तुकडा आधी कोरडा टिपून घ्यावा.

माझ्या मते घरी सर्वांत भरवशाची रीत उलटी आहे. चार सेंटिमीटर जाड तुकडा घ्या, आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये उघडा ठेवा. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये त्याचा गाभा ५० अंशांवर येऊ द्या. मग बिडाच्या कडकडीत तव्यावर दोन्ही बाजू मिनिटभर भाजा. कापताना सुरी तंतूंना आडवी चालवा. तंतू आखूड झाले की चावायला कमी कष्ट पडतात.

महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने इथे मिळतं ते म्हशीचं मांस. ते वयस्क जनावराचं असेल तर त्यातलं कोलॅजन जास्त पक्कं असतं. तेव्हा त्यातला फिलेच निवडावा, बाकीचं रश्श्याला ठेवावं. कच्च्या पपईचा लेप इथे फारसा उपयोगी नाही. त्यातलं पपेन आत फार खोल शिरत नाही, वरचा थर मात्र पिठूळ करतं.

आता सुरक्षिततेचं. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विसावा, अशी आहे. त्याहून कमी शिजवलेला स्टेक गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि आजारी माणसांना देऊ नये. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिम्याचा गाभा ७१ अंशांपर्यंत पोचलाच पाहिजे.