अंतराळतळाचा खर्च कोणाचा?

अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटांत खासगी अंतराळयानांसाठीं ‘स्पेसपोर्ट अमेरिका’ हा तळ बांधलेला आहे. त्यास सुमारें २२ कोटि डॉलर लागले; आणि ते जनतेनें दिले! डोन्या आना परगण्यानें २००७ सालीं व सिएरानें २००८ सालीं मतदान करून विक्रीवर शेंकडा पाव कर पत्करिला. ओटेरोनें मात्र तो नाकारिला. म्हणजे वही-पेन्सिल घेणाऱ्या गरिबाचाहि त्यांत वांटा आला. मुख्य भाडेकरू व्हर्जिन गॅलॅक्टिक. तिचें पहिलें व्यापारी उड्डाण २०२३ च्या जूनमध्यें झालें. भाडेकरू उद्यां निघून गेला, तर १२,००० फूट लांबीची धावपट्टी कोणास उपयोगी पडणार? मात्र या कराचा चतुर्थांश तेथील शाळांच्या विज्ञानशिक्षणासाठीं राखण्यांत आला. आम्हांस तरी तोच भाग अधिक भरंवशाचा वाटतो.