लोखंडावाचून चुंबकत्व

पोटॅशियम भरपूर ऑक्सिजनमध्ये जाळले की पिवळी पूड हाती लागते. तिच्यात दोन पोटॅशियमला चार ऑक्सिजन अणू असतात, असे सूत्र रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते. १९३१ साली लायनस पॉलिंग यांच्या विचारांतून वेगळी शक्यता पुढे आली: एक पोटॅशियम, दोन ऑक्सिजन, म्हणजेच पोटॅशियम सुपरऑक्साइड. निवाडा चुंबकाने केला. जुने सूत्र खरे असते, तर सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसले असते आणि चुंबकाने पूड ओढलीच नसती. एडवर्ड न्यूमन यांची मोजमापे १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. पूड चुंबकाकडे ओढली जात होती!

हे चुंबकत्व पोटॅशियमचे नव्हे, ऑक्सिजनचे. या पदार्थाची खरी नवलाई तीच. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांचे चुंबकत्व डी कक्षकांतल्या इलेक्ट्रॉनांमुळे असते. इथे पोटॅशियम आपला एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूला देऊन टाकतो. रेणूच्या समान ऊर्जेच्या दोन कक्षकांत मग तीन इलेक्ट्रॉन होतात: एक जोडी आणि एक एकटा. हे कक्षक घडतात ते पी कक्षकांपासून.

नेहमीच्या तापमानाला या स्फटिकात ऑक्सिजनचे आयन डंबेलसारखे एकाच दिशेने उभे असतात. बरेच तापवले की ते वाटेल तसे वळू लागतात आणि स्फटिकाची जडणघडण मिठासारखी घनाकार होते. उलट १९६ केल्विनच्या, म्हणजे उणे ७७ अंश सेल्सियसच्या खाली, ते कलतात. कलल्यामुळे त्या दोन कक्षकांची बरोबरी मोडते आणि एकटा इलेक्ट्रॉन कुठे बसणार हे ठरते. शेजारच्या आयनांशी त्याचे चुंबकीय नाते कसे असेल, हेही त्यावरच अवलंबून. म्हणून सुपरऑक्साइडची रचना आणि चुंबकत्व वेगवेगळे अभ्यासून भागत नाही.

सुमारे ७ केल्विनला एकट्या इलेक्ट्रॉनांच्या फिरक्या शिस्तीत येतात. एका थरातल्या सगळ्या एका दिशेला, पुढच्या थरातल्या नेमक्या उलट. एकूण चुंबकत्व शून्य, तरी आत पक्की व्यवस्था. ती दिसली न्यूट्रॉनच्या झोतामुळे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९६६ मध्ये ती मांडली. रुबिडियम सुपरऑक्साइडमध्ये अशी शिस्त सुमारे १५ केल्विनला येते, सीझियममध्ये १० च्या जरा खाली. धातूचा आयन मोठा होत जातो, पण हे आकडे त्या क्रमाने चालत नाहीत. नुसत्या अंतराचा हिशेब इथे अपुरा पडतो, कक्षकांची मांडणीही लक्षात घ्यावी लागते. सीझियमच्या स्फटिकात तर त्या मांडणीमुळे फिरक्यांच्या एकमितीय साखळ्या तयार होतात, असे २०१२ च्या संशोधनात मांडले गेले.

पोटॅशियम सुपरऑक्साइड श्वासातला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून ऑक्सिजन सोडतो. म्हणूनच तो खाणकामगारांच्या बचाव-उपकरणांत वापरला जातो. संशोधकांना मात्र हाच गुण जड जातो: हवेतल्या दमटपणाने नमुना बिघडतो, त्यामुळे तो निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेटीतच हाताळावा लागतो.