परिचारिका आणि संगणकावरील नोंद

रुग्णालयात संगणक आला आणि परिचारिकांनी कुरकुर केली, की ‘यांना नवे शिकायलाच नको’ असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. हा निकाल आम्हांस उतावळेपणाचा वाटतो. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीच, सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे ठेवली होती. ज्या व्यवसायाची परंपरा अशी, त्याला नोंदीचेच वावडे कसे असेल?

याहून बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅन्सस राज्यात टोपिका येथे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात सू किनिक या परिचारिका काम करीत. १९९२ साली भाड्याची मोटार परत करताना त्यांनी पाहिले, की तेथील नोकर हातातल्या छोट्या यंत्राने गाडीची खूण टिपून घेतो आणि व्यवहार क्षणात पुरा होतो. असेच यंत्र औषधाचे पाकीट आणि रुग्णाच्या मनगटावरची पट्टी यांचा मेळ घालून पाहील, तर एकाचे औषध दुसऱ्याला जाणार नाही, असे त्यांच्या मनात आले. या कल्पनेतून बारकोडची पद्धत उभी राहिली आणि २००० सालाच्या सुमारास माजी सैनिकांच्या रुग्णालयांत देशभर पसरली. म्हणजे यंत्र मागणारी परिचारिकाच होती!

मग विरोध येतो कोठून? रॉस कॉपेल व त्यांचे सहकारी यांनी पाच रुग्णालयांतील बारकोड पद्धतीची पाहणी २००८ साली प्रसिद्ध केली. नियमाला वळसा घालून काम उरकण्याच्या १५ तऱ्हा आणि त्यांमागची ३१ कारणे त्यांना आढळली. कोठे रुग्णाच्या बारकोडची जादा प्रत दाराच्या चौकटीस चिकटवलेली, कोठे ती परिचारिकेच्या कमरेच्या कडीत अडकवलेली. रुग्णाच्या पट्टीला हात न लावताच यंत्राचे समाधान होई! नोंदलेल्या औषधांपैकी १०.३ टक्क्यांच्या बाबतीत यंत्राचा इशारा बाजूस सारला गेला होता. हे धोक्याचे आहे, यात शंका नाही. पण कारणे पाहा: पट्टी भिजलेली, चावलेली किंवा मुळात नसलेली, बॅटरी संपलेली, बिनतारी संपर्काचा भरवसा नाही, औषधावर बारकोडच नाही, रुग्ण अत्यवस्थ. यांतील कोणते कारण आळसाचे आहे?

पुढे २००९ साली अमेरिकेत कायदा झाला. नोंदी संगणकावर नेणाऱ्या रुग्णालयांना सरकारने पैसा दिला. मागे राहणाऱ्यांच्या देयकांत २०१५ पासून कपात ठरवली. २००८ साली शंभरांत दहा रुग्णालयांतही अशी नोंदपद्धती नव्हती, ती २०१५ पर्यंत बहुतेक सर्वत्र पोहोचली. हा वेग थोडाथोडका नव्हे. परंतु नोंद आता अनेकांची झाली. बिलाला हवे ते रकाने, कायद्याला हवे ते रकाने, संशोधकाला हवे ते रकाने; आणि त्यांतील पुष्कळ भरावयाचे खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेने. रुग्णाकडे पाहण्याचा वेळ पडद्याकडे पाहण्यात गेला, तर तिने तक्रार का करू नये? २०१४ साली ‘नॅशनल नर्सेस युनायटेड’ या संघटनेने जाहीर मोहीमच काढली. परिचारिकेच्या विवेकाची जागा यंत्राने घेऊ नये, हे तिचे म्हणणे होते.

संगणकावरील नोंदीचे गुण आम्ही नाकारीत नाही. अक्षर न लागण्याची पंचाईत तिने दूर केली. केसपेपर शोधण्याची धावपळही कमी केली. प्रश्न आहे तो पद्धत कोणी, कोणासाठी आखली याचा. परिचारिकेचा नकार हा पुष्कळदा कामातला दोष दाखवणारा पहिला इशारा असतो. तो दडपला, तर कागदोपत्री सारे सुरळीत दिसते आणि पट्टी मात्र दाराच्या चौकटीवर जाते.

आपल्या देशातही २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले असून रुग्णनोंदी संगणकावर येत आहेत. एकेका पाळीत भरलेला वॉर्ड सांभाळणाऱ्या आपल्या सिस्टरना शिकवणी देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: ‘सिस्टर, यात तुमचे काम कोठे अडते?’ उत्तर ऐकून यंत्र बदलण्याची तयारी असेल, तर विरोधाचा बराचसा भाग आपोआप ओसरेल, असा आमचा विश्वास आहे.