नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

बालमित्रांनो, जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे का? तो आधी बैलाचे दात बघतो. मग त्याला चार पावलं चालवून बघतो, पाठीवरून हात फिरवतो. आणि शेवटी हळूच विचारतो, "पाहुणं, एवढा चांगला बैल आहे, तर इकताय कशाला?"

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा! कारण बैल कसा आहे हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. जुनी वस्तू विकत घेताना नेहमी असंच असतं. आज मी तुम्हाला अशाच एका जुन्या वस्तूची गोष्ट सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटार.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला गिटारचं भारी वेड. दोन वर्षं लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले आणि तीस हजार रुपयांना एक जुनी गिटार घेतली. तिच्या डोक्यावर झोकदार अक्षरांत नाव होतं 'गिब्सन'. दिवाळीला मुरुडला आला तेव्हा तो ती गिटार कडेवरच्या बाळासारखी सांभाळत होता. "मावशी, ही नवी घेतली तर लाखाच्या पुढे जाते. मला तिसात मिळाली!"

गिब्सन ही अमेरिकेतली नावाजलेली कंपनी. तिची 'लेस पॉल' ही गिटार १९५२ साली बाजारात आली. फेंडर या दुसऱ्या कंपनीची 'स्ट्रॅटोकास्टर' आली १९५४ साली. आज जगभर दिसणाऱ्या कितीतरी इलेक्ट्रिक गिटारींचा आकार या दोघींवरूनच घेतलेला असतो.

साध्या गिटारचं पोट पोकळ असतं, त्यामुळे आवाज घुमतो. पण इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. मग ती वाजते कशी? तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक बसवलेले असतात. त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये बारीकशी वीज तयार होते. ती ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि मोठा आवाज होऊन बाहेर पडते. विज्ञानाच्या पुस्तकातला चुंबकाचा धडाच गाणं म्हणू लागतो, नाही का?

पण त्यातच एक गोची आहे. लाकूड कोणतं, वेढे नीट घातलेत की नाही, आतली जोडणी पक्की आहे की कच्ची, हे सगळं रंगाखाली आणि झाकणाखाली दडलेलं असतं. वरून दिसतं ते फक्त नाव. म्हणून खोटं करणारे आधी नाव खोटं करतात.

भाच्याने ती गिटार वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका जाणकारांना दाखवली. त्यांनी गिटारच्या डोक्यावरच्या छोट्या झाकणावर बोट ठेवलं. तारांच्या ताणाने गिटारची मान वाकू नये म्हणून तिच्यात एक लोखंडी सळई असते. त्या सळईच्या टोकावर हे झाकण असतं. "गिब्सनच्या झाकणाला साधारणपणे दोन स्क्रू असतात. इथं तीन आहेत," ते म्हणाले. मग मागचं झाकण उघडून त्यांनी आतल्या वायरी दाखवल्या. गिटार नकली होती! पाठीवर कोरलेला क्रमांकसुद्धा नकलीच होता.

भाचा दोन दिवस नीट जेवला नाही.

असं फसणारा तो एकटा नाही बरं का! २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने लॉस एंजेलिसच्या बंदरावर ३,००० हून अधिक नकली गिब्सन गिटारी पकडल्याचं जाहीर केलं. त्या खऱ्या असत्या, तर त्यांची किंमत १ कोटी ८० लाख डॉलर झाली असती!

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. स्वस्त गिटार बनवणं हा काही गुन्हा नाही. कंपन्या स्वतःही स्वस्त गिटारी काढतात. गिब्सनच्या 'एपिफोन' नावाने येतात, फेंडरच्या 'स्क्वायर' नावाने. त्यावर शिकून कितीतरी मुलं मोठी होतात. गुन्हा आहे तो दुसऱ्याचं नाव लावण्याचा.

आता मला सांगा, नकली गिटारमुळे नुकसान कोणाचं झालं? "घेणाऱ्याचं!" असं तुम्ही म्हणाल. बरोबर, पण ते अर्धंच उत्तर झालं. पाटी-पेन्सिल घ्या, एक गणित करू.

समजा, बाजारात दहा जुन्या गिटारी आहेत. पाच खऱ्या, प्रत्येकी ५०,००० रुपयांच्या. पाच खोट्या, प्रत्येकी १०,००० च्या. दिसायला सगळ्या सारख्या. घेणारा काय करील? तो सरासरी काढील. दहांची किंमत ३,००,०००, म्हणजे एकीची ३०,०००. तो म्हणेल, "तिसाच्या वर एक पैसा देणार नाही." मग खरी गिटारवाला म्हणेल, "पन्नासची वस्तू तिसात कशाला देऊ?" आणि तो आपली गिटार घेऊन घरी जाईल. बाजारात उरल्या कोणत्या? फक्त खोट्या!

ही गोष्ट जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन मांडली. २००१ साली त्यांना आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि हे नुसतं पुस्तकातलं गणित नाही. भाच्याच्या वसतिगृहातल्या एका मुलाकडे खरी गिटार होती, काकांनी परदेशातून आणलेली. वडील आजारी पडले, फी भरायची होती, म्हणून त्याने ती विकायला काढली. पण जो तो विचारी, "खरी कशावरून?" पावती हरवलेली. शेवटी निम्म्या किमतीत द्यावी लागली. पाहा, त्याने कोणालाच फसवलं नव्हतं, तरी खोट्याचा दंड त्यालाच बसला!

आपल्या महाराष्ट्रातल्या वाद्यांनाही ही काळजी आहे. मिरज तुम्हाला ठाऊक असेलच. २०१६ च्या दुष्काळात आपल्या लातूरला रेल्वेने पाणी आलं ते मिरजेहूनच. त्याच मिरजेत पावणेदोनशे वर्षांपासून सतारी आणि तानपुरे बनतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे वाळवून त्यांपासून वाद्यं घडवली जातात. मग कोणी दुसरीकडे केलेला तानपुरा "मिरजेचा" म्हणून विकला तर? म्हणूनच २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता दुसरीकडच्या वाद्याला ते नाव लावायला कायद्याने मनाई आहे. कारागिराचं नाव ही त्याची कमाई असते ना!

मग जुनं वाद्य घ्यावं की नाही? जरूर घ्यावं! फक्त बैल घेणाऱ्यासारखं घ्यावं. पावती मागावी. हातात घेऊन, वाजवून बघावं. जाणकार माणूस सोबत न्यावा. किंमत फारच कमी असेल, तर आनंद होण्याआधी शंका यावी. आणि "का विकताय?" हे विचारायला लाजू नये.

आता भाच्याचं काय झालं, ते सांगते. एक मित्र त्याला म्हणाला, "तुला जशी खपवली, तशी तूही खपव की! तीस हजार परत येतील." भाच्याने मला फोन केला. मी म्हटलं, "पैसे तुझे गेलेत. तूच ठरव."

आठवड्याने त्याचा पुन्हा फोन आला. त्याने डोक्यावरचं ते नाव घासून काढलं होतं. एका शाळकरी मुलाला आणि त्याच्या वडिलांना घरी बोलावून सगळं खरं सांगितलं होतं. वाजते बरी, पण गिब्सन नाही. किंमत सात हजार. त्यांनी वाजवून पाहिली आणि आनंदाने घेतली.

"म्हणजे तेवीस हजार बुडाले की रे," मी म्हटलं.

"बुडाले ना, मावशी," तो म्हणाला. "पण तो पोरगा दर रविवारी माझ्याकडे शिकायला येतोय."