होडीचं मशीन : भाग ६ – रेस दिली की बसतं

नारळी पौर्णिमा झाली आणि पावसाळाभर पडवीत ठेवलेलं मशीन पुन्हा होडीला लागलं, की पंधरा दिवसांत ठरलेली तक्रार येते. परवा देवबागला कर्लीच्या काठावर एकाने ती अशी सांगितली : “भाऊ, चालू होता, हळू बराबर चालता, पण रेस दिली की बसता.” मशीन जुनं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. दोन्ही प्लग त्याने नवे घातले होते आणि आता कॉइलसाठी पैसे बाजूला काढले होते.

कॉइलमुळेही असं होऊ शकतं. पण कॉइल महाग, आणि पैसे न लागणाऱ्या तपासण्या अजून बाकी होत्या. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही आणि मशीन थोडा वेळ नीट चालून मरतं. इथे तो उघडा होता. मग होडी जेटीला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधली, पंख्याजवळ कोणी नाही याची खात्री केली आणि गिअर टाकला. ही तपासणी पिंपात होत नाही. पंख्यावर भार नसताना आजारी मशीनही गुणी वाटतं.

रेस वाढवली, मशीन गुदमरायला लागलं. त्याच क्षणी त्याच्या मुलाला पाइपवरचा रबरी फुगा दाबत राहायला सांगितलं. चार-पाच दाबांत आवाज भरला, होडीने दोर ताणला. फुगा सोडला की पुन्हा घरघर. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा तेच.

इथेच निम्मं निदान झालं. हाताने पेट्रोल ढकलल्यावर मशीन सुधारतं, म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पुरेसं पोचत नाही. दोष टाकी, पाइप, फिल्टर किंवा पेट्रोल पंप यांतच कुठेतरी. फुग्याने फरक पडला नसता, पण चोक क्षणभर अर्धवट ओढल्यावर मशीन उचललं असतं, तर दोष कार्बोरेटरच्या आत, बहुधा मुख्य जेटमध्ये. दोन्हींनी काहीच झालं नाही, तरच प्लग, कॉइल आणि कॉम्प्रेशनकडे वळायचं. हा क्रम मोडला की खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो.

पाइपाची जोडणी आणि फिल्टर ठीक होते, म्हणून पंप उघडला. या पंपाला वेगळी मोटर नसते. पिस्टन खाली-वर होताना क्रँककेसमध्ये दाब चढतो-उतरतो, आणि त्या दाबावर एक पातळ पडदा थरथरत पेट्रोल पुढे ढकलतो. पडदा उन्हाकडे धरला. मधोमध चांगला होता. कडेला, जिथे तो घडीवर वाकतो, तिथे सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. हळू चालताना पेट्रोल कमी लागतं, तेवढं तो भोकासकट पुरवत होता. रेस दिली की कमी पडत होता.

“हळू हळू चालवून हा मोसम काढतंय,” असं तो म्हणाला तेव्हा मी जरा चढ्या आवाजातच नको म्हटलं. टू-स्ट्रोकला वेगळं इंजिन ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं वंगण. ५०:१ च्या मशीनला ५ लिटर पेट्रोलमागे १०० मिली. (तुमच्या मशीनचं प्रमाण त्याच्या पट्टीवर किंवा पुस्तकात बघा, फार जुन्यांना जास्त ऑइल लागतं.) पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं आणि मिश्रण पातळ झाल्याने उष्णता वाढते. प्लगचं टोक बदामी असायला हवं, ते पांढरं पडू लागतं. घाईच्या वेळी कोणीतरी पूर्ण रेस देतंच, आणि मग पिस्टन धरतो. शेकड्यांतल्या पडद्यासाठी हजारोंचं काम होतं, आणि ते भर समुद्रात होतं.

पडदे खराब का होतात? वय हे एक कारण. दुसरं टाकीतच असतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या मशीनचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. शिवाय इथेनॉल पाणी धरतं. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत अर्धी टाकी दमट हवेत राहिली, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसू शकतं. टाकीची नळी तळाचंच ओढते, आणि ऑइल मात्र बरंचसं वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. म्हणून जुनं पेट्रोल आधी काचेच्या बाटलीत घेऊन थोडा वेळ ठेवा. दोन थर दिसले तर ते मशीनला देऊ नका, नाल्यातही ओतू नका.

जेटच तुंबला असेल तर सुई किंवा तार खुपसू नका. जेट पितळी असतो, भोक जरासं मोठं झालं तरी त्याचं माप गेलं. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, आणि भोकातून उजेड स्वच्छ गोल दिसेपर्यंत पुन्हा करा.

देवबागला पंपाचा पूर्ण संच बदलला. पडदा आणि गॅस्केट दोन्ही. फुगा बाण वर करून धरला आणि कडक होईपर्यंत दाबला. तिसऱ्या दोरीला मशीन सुरू झालं. मुलगा सवयीने फुग्याकडे हात नेत होता, बापाने तो बाजूला केला आणि रेस दिली.

पुढच्या आठवड्यात : मशीन चालतं, पण मागची पाण्याची धार बारीक येते.