नसेत कॅल्शियम जमलं असेल तर नुसता स्टेंट का पुरत नाही? ऑपरेशनला हो म्हणण्याआधी हे विचारा

एटापल्ली : "नसेत कॅल्शियम लई आहे, साध्या फुग्यानं होणार नाही, खर्च वाढेल." नागपूरसारख्या शहरात अँजिओग्राफीनंतर डॉक्टर असं सांगतात, तेव्हा घरची मंडळी गोंधळून जातात. म्हणून हा प्रकार काय आहे, ते समजून घेऊ.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसांत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. पुढे त्यात कॅल्शियम बसून तो दगडासारखा कडक होतो. वाढतं वय, शुगर, किडनीचा आजार आणि बिडी-सिगारेट ही त्याची मोठी कारणं. खर्ऱ्यातला चुना थेट नसेत जाऊन बसतो, हा मात्र गैरसमज आहे. पण खर्ऱ्यातल्या तंबाखूनं हृदयाला धोका असतोच.

अँजिओप्लास्टीत फुगा फुगवून नस रुंद करतात आणि तिथं जाळी, म्हणजे स्टेंट बसवतात. बांबूच्या नळीत सायकलची ट्यूब फुगवली तर बांबू फाकत नाही, तसंच कडक नसेचं होतं. स्टेंट अर्धवट उघडला तर त्यात रक्ताची गाठ होऊ शकते किंवा नस पुन्हा बंद पडू शकते. म्हणून आधी कॅल्शियम फोडावं लागतं.

त्याच्या मुख्य पद्धती अशा :

• रोटाब्लेशन : हिऱ्याचे बारीक कण लावलेला छोटा गोळा मिनिटाला साधारण दीड लाख फेरे घेत थर घासतो.

• शॉकवेव्ह फुगा : मुतखडा फोडतात तशाच लहरींनी कॅल्शियमला तडे जातात. अमेरिकेत हृदयाच्या नसांसाठी त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

• कटिंग किंवा जास्त दाबाचा फुगा : कॅल्शियम कमी असेल तर यानंही भागतं.

यात नस फाटण्याचा थोडा धोका असतो, म्हणून अनुभवी डॉक्टर हवा.

स्टेंटच्या किमतीवर सरकारनं २०१७ पासून मर्यादा घातली आहे. पण शॉकवेव्ह फुग्याचा खर्च स्टेंटहून कितीतरी जास्त येतो. म्हणून सही करण्याआधी विचारा : कॅल्शियम किती आहे? कोणती पद्धत वापरणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं? वरचे पैसे किती? योजनेची माहिती दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे मिळते.

घरी आल्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच आणून ठेवा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो, हे ध्यानात असू द्या. आणि छातीत दुखलं, घाम सुटला तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.